बगळ्यांचा सोमवार

“आई, यू गो लाह,” अवनी सोफ्यावरून म्हणाली. “यू स्टे, शुअर लूज वन.”

म्हणजे तिच्या सिंगापुरी इंग्रजीत, तू थांबलीस तर हरणारच. ती हे काही खवचटपणे म्हणाली नव्हती. चिनी नववर्षासाठी आणलेल्या बरणीतला पाइनॅपल टार्ट तोंडात टाकता टाकता, मान वरही न करता म्हणाली. बाहेर आभाळ आलंय, छत्री घे, असं सांगावं तितक्या सहज. अनघानेही सहज ऐकलं. तिने चपला घातल्या, कापडी पिशवी खांद्याला अडकवली, “येते गं” म्हणाली आणि लिफ्टमध्ये शिरली. दार मिटलं, आकडे खाली उतरू लागले आणि सातव्या मजल्याच्या आसपास तिला ते लागलं. ठेच लागल्यावर कळ जरा उशिरा वर चढते, तसं. तिचा नवरा प्रबोध हे वाक्य अठरा वर्षं म्हणत आला होता आणि ती अठरा वर्षं हसत आली होती. पोरीच्या तोंडून ऐकल्यावर मात्र हसू आलं नाही. लिफ्टच्या आरशात तिने स्वतःकडे पाहिलं. चांगली इस्त्रीची कुर्ती, नीट विंचरलेले केस. कुठे निघाली होती ही बाई एवढ्या सकाळी?

कुठे म्हणजे, लिटिल इंडियाला, देशी दुकानांच्या वस्तीत. बगळ्यांचा मोठा सामना असला की अनघा लिटिल इंडियाला जाते, हे त्यांच्या घरात ठरून गेलं होतं. बगळे म्हणजे टोलेडो हेरन्स. प्रबोधने अमेरिकेत टोलेडोला एम.एस. केलं आणि तिथल्या दोन हिवाळ्यांत त्याला अमेरिकन फुटबॉलची बाधा झाली. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हा नारळासारखा लांबोडका चेंडू हातात धरून पळायचा, नाहीतर फेकायचा, आणि आडवं येईल त्याला लोळवायचं, असा फुटबॉल. नोकरीसाठी तो सिंगापूरला आला, लग्न केलं, सेम्बावांगला फ्लॅट घेतला, वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात मॅनेजर झाला, पण ती बाधा काही उतरली नाही. तिकडचा रविवार इकडे सोमवारी सकाळी उजाडतो, त्यामुळे या घरातले सोमवार बगळ्यांचे झाले. आणि बगळे हरत. काय हरत! एका वर्षी तर हंगामातले झाडून सगळे सामने हरले. अठरा वर्षांत बाद फेरीचा एक सामना म्हणून त्यांना जिंकता आला नव्हता. या वर्षीही सुरुवातीला ओळीने चार हरले, तेव्हा प्रबोधने त्यांची निळी टोपी कपाटाच्या तळाशी कोंबून ठेवली होती. मग काय झालं कुणास ठाऊक. दोन संघांनी नको म्हणून सोडून दिलेला बुकर नावाचा बुटका गडी बगळ्यांनी घेतला आणि ते जिंकायला लागले. जिंकत जिंकत आज अंतिम सामन्याला येऊन ठेपले. नवऱ्याने सामना बघायला रजा घेतली होती आणि बायकोने सामना न बघायला.

खरं सांगायचं तर तिला तो बघायचा होता. फार बघायचा होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. बगळ्यांना चालू सामन्यात जिंकताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरात असे, नाहीतर कपडे वाळत घालत असे, आणि बाहेरच्या खोलीतून येणाऱ्या आवाजावरून तिला खेळ कळत असे. प्रबोध “चल चल चल” म्हणाला की चेंडू पुढे सरकतोय. नुसता “च्” केला की चार प्रयत्नांत दहा यार्ड झाले नाहीत, आता चेंडू दुसऱ्यांना. काहीच बोलला नाही की संपलं. पुढे पुढे ती ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकटीच मोबाइलवर सामन्यांचे तुकडे पाहू लागली, बातम्या वाचू लागली, आणि कुणाचा गुडघा दुखावलाय हे तिला प्रबोधच्याही आधी कळू लागलं. बुकर तर तिचा लाडका. दोन आठवड्यांपूर्वी उपांत्य सामना चालू असताना ती लिटिल इंडियातल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानात प्रेशर कुकरच्या मांडणीपुढे उभी होती. अवनीचा मेसेज आला, “वन!!!” जिंकले होते. तिथे उभ्या उभ्या अनघाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. जवळच्या तमिळ विक्रेत्याला वाटलं, बाईला कुकर फार महाग पडतोय. त्याने दुसरा स्वस्तातला दाखवला. तिने तो घेतलाही.

सेम्बावांगला गाडी आली, गर्दी होती, पण दाराजवळ उभं राहायला जागा मिळाली. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. एकाच्या पडद्यावर हिरवं मैदान दिसलं म्हणून तिचा जीव वरखाली झाला, पण ते दुसरंच काहीतरी निघालं. यू स्टे, शुअर लूज वन. अवनी सोळा वर्षांची. शाळा संपलेली, पॉलिटेक्निक एप्रिलमध्ये सुरू व्हायचं, घरी मोकळी. गणितात हुशार. तीच अवनी, जी लहानपणी मांजर आडवं गेलं म्हणून थबकलेल्या आजीला म्हणाली होती, “आजी, कॅट ऑल्सो गोइंग होम, लाह.” तिला हे कसं पटलं? आणि पटलं असेल, तर उद्या तिच्या एखाद्या मैत्रिणीने, नवऱ्याने, सासूने, बॉसने तिला म्हटलं, तू आलीस आणि बिनसलं, तर ती काय करेल? चपला घालून बाहेर जाईल? कापडी पिशवी घेऊन?

आपण पहिल्यांदा कधी बाहेर गेलो, हे अनघा आठवू लागली. ठाण्याचा तो दोन खोल्यांचा ब्लॉक, क्रिकेटचा कुठलासा मोठा सामना, दिवाणावर दादाचे मित्र दाटीवाटीने बसलेले. ती अकरा वर्षांची, दाण्याचा वाडगा घेऊन आली आणि नेमकी विकेट पडली. “अने, आत जा!” अभयदादा ओरडला. ती आत गेली आणि पुढच्या चेंडूवर चौकार बसला. झालं! तिथून पुढे सगळा सामना ती स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, भिंतीकडे तोंड करून उभी होती. दाराकडे पाठ, म्हणजे चुकूनही दिसायला नको. आपण देशासाठी काहीतरी करतोय असं तिला खरोखरच वाटत होतं. तरीही हरले. दादा आत आला, पाणी प्यायला आणि रागाने म्हणाला, “डोकावलीस ना?” ती डोकावली नव्हती. तिने शपथ घेतली, आईची घेतली, पण त्याने मान हलवली ती हलवलीच. म्हणजे बाहेर राहूनही हरले तर दोष आपलाच, हे तिला अकराव्या वर्षीच शिकवलं गेलं होतं. आणि इथे काय वेगळं झालं? ती बाहेर गेली की बगळे जिंकत, असं थोडंच होतं! अठरा वर्षं ती बाहेर जात होती आणि अठरा वर्षं ते हरत होते. लिटिल इंडियाच्या इतक्या फेऱ्या झाल्या की घरात पोह्यांना अळ्या पडत. पण परत आल्यावर प्रबोध पडक्या चेहऱ्याने विचारायचा, “तू मध्ये स्कोअर बघितलास का?” तिने बघितलेला नसायचा. “तरी मनात आलं असेल तुझ्या,” तो म्हणायचा आणि दोघं हसायची.

खातिब गेलं. इथून पुढे गाडी बराच वेळ थांबत नाही. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच पाण्याचा मोठा पट्टा, आणि डब्यात अचानक उजेड वाढतो. त्या उजेडात तिला आत्या आठवल्या. प्रबोधच्या आत्या. लग्नाला महिनाही झाला नव्हता, सासरे पुण्यात सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले ते गेलेच. दिवसांच्या गर्दीत ती चहाचा ट्रे घेऊन माजघरात येत होती आणि आत्या कुणाला तरी सांगत होत्या, “पाय पांढरे आहेत गं पोरीचे. आल्या आल्या घरातला माणूस गेला.” ट्रे हातात, पुढे जावं की मागे फिरावं कळेना. सगळ्या बायका तिच्या पायांकडे बघत होत्या, आणि तीही बघायला लागली. जोडवी नवीकोरी होती. तेवढ्यात मागून प्रबोध आला. डोळे सुजलेले, तीन दिवसांत त्याने कुणाशी शब्द काढला नव्हता. तो म्हणाला, “आत्या, बाबांना दहा वर्षांपासून हृदयाचं दुखणं होतं. हिच्या पायाने काही झालं असेल तर ते बगळ्यांचं. लग्न लागलं आणि बाद फेरीतून बाहेर फेकले गेले बिचारे. त्यांचं सुतक धरा हवं तर.” आणि मग त्याने टोलेडो काय, बगळे काय, ते इतकं रंगवून सांगितलं की त्या सुतकाच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी खुदकन हसलं. आत्याही हसल्या. विषय मिटला. रात्री अनघा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली ती कृतज्ञतेने. या माणसाने आपल्याला वाचवलं, असं तिला वाटलं होतं. आणि त्याने वाचवलंच होतं, ते खोटं नव्हतं.

पण आत्यांचा तो शब्द कुठे गेला? गाडीच्या दांड्याला धरून उभ्या असलेल्या अनघाला आज पहिल्यांदा हा प्रश्न पडला. त्याने तो शब्द पुसला नव्हता. बाबांवरून काढून त्याने तो बगळ्यांवर ठेवला होता, आणि पाय मात्र तिचेच राहू दिले होते. मग तो विनोद त्यांच्याबरोबर सिंगापूरला आला, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सांगितला गेला, मित्रांच्या जेवणात सांगितला गेला. तिनेही सांगितला, अगदी नकला करून. त्या रात्रीच्या उपकाराची फेड ती दर मोठ्या सोमवारी घराबाहेर पडून करत होती, आणि हे करतोय हे तिच्या गावीही नव्हतं. तिला राग आला. फार दिवसांनी इतका स्वच्छ राग आला आणि तो आल्याचं तिला बरं वाटलं. यिओ चू कांगला दार उघडलं तशी ती उतरली. बाकावर बसली. कामावर निघालेल्यांनी भरलेल्या गाड्या समोरून जात राहिल्या, ती त्या सोडत राहिली. परत गेले आणि हरले तर? हा प्रश्न आलाच. तिच्या डोळ्यांसमोर प्रबोधचा चेहरा आला, अवनीचा चेहरा आला, पुढची अठरा वर्षं आली. हरले तर, तिने स्वतःलाच सांगितलं, माझ्यासमोर हरतील. मी बघेन कसे हरतात ते. मग ती उठली आणि उलट दिशेच्या रिकाम्या गाडीत जाऊन ऐसपैस बसली.

ती घरात शिरली तेव्हा मध्यंतर चालू होतं. बगळे तीन, सॅन अँटोनिओ सतरा. प्रबोध टोपी घालून गुडघे छातीशी घेऊन बसला होता.

“आई? व्हाय यू कम बॅक?” अवनी दचकलीच. “फरगेट समथिंग, आह?”

“हो,” अनघा म्हणाली. “सामना बघायचा विसरले होते.”

“अगं, पण...” प्रबोध अर्धवट उठला. “आधीच सतरा–तीन आहे. तू नंतर हायलाइट्स बघ ना. मी लावून देतो.”

“हायलाइट्स अठरा वर्षं बघतेय मी.”

“अनघा, गंमत असते ती. तुला माहितीये.”

“माहितीये. कशी सुरू झाली तेही माहितीये.” तिने पिशवी खुंटीला अडकवली आणि अवनीकडे वळली. “तुझे आजोबा आमच्या लग्नानंतर लगेच गेले. तेव्हा बाबाच्या आत्या म्हणाल्या, नव्या सुनेचे पाय पांढरे आहेत.”

“पांढरे मीन्स फेअर, राइट?” अवनी म्हणाली. “देन गुड, वॉट.”

अनघाला हसू फुटलं. माजघरातल्या त्या बायकांना हे ऐकायला बोलवायला हवं होतं. “फेअर नाही गं. पांढऱ्या पायाची म्हणजे जी पाऊल टाकते तिथे वाईट होतं. माणसं मरतात. संघ हरतात. तू सकाळी मला जे म्हणालीस ना, ते.”

अवनीचा हात बरणीत तसाच राहिला. “आय नेव्हर मीन दॅट,” ती पुटपुटली.

“ठाऊक आहे मला. बाबाचाही तसा अर्थ नव्हता. बाबाने मला वाचवायला तो विनोद केला होता. पण एकदा वाचवलं की सोडून द्यायचं असतं, प्रबोध.”

प्रबोधने टोपी काढली. तिच्या कडा हातांत फिरवत बसला. “मला वाटलं, तू ते विसरलीस.”

“तू विसरलास. तुला विसरता आलं, कारण तुला बाहेर जावं लागत नव्हतं.”

टीव्हीवर कुणीतरी गात होतं, दिवे लखलखत होते, कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. “मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं?” त्याने विचारलं. खरोखरच विचारलं, वाद घालण्यासाठी नव्हे.

“‘आत्या, गप्प बसा.’ एवढंच.”

तो सरकला आणि सोफ्याच्या मधली, टीव्हीसमोरची जागा त्याने हाताने झटकून दिली. अनघा बसली. या जागेवरून पडदा किती मोठा दिसतो, हे तिला माहीत नव्हतं.

मध्यंतर संपलं आणि मग व्हायचं तेच झालं. ती टेकते न टेकते तोच बगळ्यांच्या हातून चेंडू निसटला, सॅन अँटोनिओच्या एका धिप्पाड गड्याने तो उचलला आणि थेट शेवटच्या पट्ट्यात नेऊन ठेवला. चोवीस–तीन. प्रबोध समोर बघत होता, अवनी समोर बघत होती, दोघंही तिच्याकडे न बघण्याची इतकी पराकाष्ठा करत होती की तिला त्यांची दयाच आली. पाय आपोआप उठायला निघाले होते. तळव्यांना कळत होतं की आता स्वयंपाकघरात जायचं, कुकर लावायचा, भिंतीकडे तोंड करायचं. तिने ते पाय वर घेतले आणि सोफ्यावर मांडी ठोकून बसली. “मर्सरचा खांदा दुखतोय,” ती मोठ्याने म्हणाली. मर्सर म्हणजे चेंडू फेकणारा, बगळ्यांचा म्होरक्या. “लांब फेकायचा हट्ट सोडायला हवा त्याने. बुकरला जवळ जवळ द्यायला हवा.”

प्रबोधने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “तुला कुणी सांगितलं खांदा दुखतोय म्हणून?”

“गेल्या गुरुवारी बातमी होती. तू वाचत नाहीस, नुसता ओरडतोस.”

बगळ्यांच्या प्रशिक्षकालाही ते उमगलं असावं. चेंडू जवळ जवळ जाऊ लागला, बुकर बुटक्या पायांनी माणसांच्या पायांतून निसटू लागला, आणि पाच पाच यार्डांनी का होईना, निळे कपडे पुढे सरकू लागले. दहा झाले. सतरा झाले. अवनी सोफ्यावर उभी राहिली. वीस झाले. अनघाचा घसा कधी बसला तिला कळलंच नाही. आपण “चल चल चल” म्हणतोय, हे तिला तिसऱ्या-चौथ्या वेळी ऐकू आलं. इतकी वर्षं तिने भिंतीपलीकडून जे ऐकलं होतं त्याला आता रंग होता, चिखल होता, धापा टाकणारी तोंडं होती. तिला वाटलं, हे हरले तरी चालेल. आणि लगेच वाटलं, चालेल कसलं, अजिबात चालणार नाही. जिंका रे मेल्यांनो!

वीस–चोवीस. घड्याळात काही सेकंदच उरलेले, आणि बगळ्यांचा चौथा, शेवटचा प्रयत्न. चेंडू शेवटच्या पट्ट्यात पोचला तर सहा गुण, नाहीतर संपलं. प्रबोधने उशीत तोंड खुपसलं. “सांगा मला काय होतं ते,” तो आतून म्हणाला. मर्सरने चेंडू घेतला, डावीकडे पळाला, दोन राक्षस त्याच्या अंगावर आले आणि पडता पडता त्याने तो शेवटच्या पट्ट्याच्या कोपऱ्यात भिरकावला. कोपऱ्यात बुकर होता. तो उडाला, आडवा झाला, चेंडू पोटाशी धरून जमिनीवर आला आणि घसरत मैदानाबाहेर गेला. स्टेडियम थिजलं. पंचांनी हात वर केले, मग खाली केले, मग सगळे एकत्र जमले.

“जिंकलो?” उशीतून आवाज.

“बघतायत,” अनघा म्हणाली. दोन्ही पाय रेघेच्या आत टेकायला हवेत. कडेच्या त्या पांढऱ्या रेघेला बोट जरी लागलं तरी झेल रद्द. पडद्यावर बुकरचे पाय आले, प्रचंड मोठे, सावकाश उतरणारे. उजवा टेकला. डावा यायचा होता. तिने श्वास धरला नाही, देवाचं नाव घेतलं नाही, नजर काढली नाही. डावा चवडा गवतावर टेकला. रेघ आणि बूट यांच्यात हिरवं दिसत होतं, बोटभर हिरवं. “आत आहेत,” ती म्हणाली. “दोन्ही आत आहेत! प्रबोध, ऊठ, दोन्ही पाय आत आहेत!” पंचांनी तेच सांगायला हात वर केले तोवर ती सोफ्यावरून उतरून नाचायला लागली होती.

पुढचे काही क्षण कुणी कुणाला मिठी मारली ते सांगता येणार नाही. खालच्या मजल्यावरच्या चिनी काकूंनी काठीने छत ठोकलं, तर अवनीने वरून पाय आपटून उत्तर दिलं. प्रबोध रडत होता, शेंबूड पुसत होता, टोपी अनघाच्या डोक्यावर घालत होता.

“तू बसलीस म्हणून!” तो टीव्हीसमोर उभा राहून दोन्ही हात पसरून म्हणाला. “तू बसलीस म्हणून जिंकले! अगं, लक्ष्मी आहेस तू. लक्ष्मीचे पाय आहेत!”

“नेक्स्ट इयर मस्ट सिट सेम प्लेस, हॉर,” अवनी म्हणाली. “सेम कुशन. सेम कुर्ती, डोन्ट वॉश.”

“माझ्यामुळे नाही जिंकले,” अनघा म्हणाली. तिला धाप लागली होती. “बुकरने झेल घेतला म्हणून जिंकले. माझ्या पायाने कुणी हरत नाही आणि कुणी जिंकतही नाही. पुढच्या वर्षी मी मला वाटेल तिथे बसेन. आणि प्रबोध, आधी टीव्हीसमोरून बाजूला हो, परत दाखवतायत.”

तो बाजूला झाला, आणि बुकरने पुन्हा एकदा झेल घेतला.